लिखाण एक ऋतू मागून येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी चार वर्षांपासून कथा लिहिते. पावसाळ्यात हात भरभर चालतो, उन्हाळ्यात दोन-दोन महिने कागद कोरा राहतो. प्रवासाला गेले की रोज डायरी लिहिते, पण परत आल्यावर त्यातलं काहीच कथेत उतरत नाही. ऋतूंचा आणि प्रवासाचा लिखाणावर खरंच परिणाम होतो, की हे मनाचे खेळ आहेत? आणि चांगलं लिहायचं तर भरपूर फिरायलाच हवं का?"

परिणाम होतो, आणि चांगलाच होतो. फक्त आपण तो जिथे शोधतो तिथे तो नसतो. मी तीस वर्षं कथा-कादंबऱ्या लिहिते आहे. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मीही धरून चालले होते की पाऊस आला की लिखाण येतं आणि डोंगर दिसला की वर्णन येतं. मग एकदा जुने खर्डे काढून बसले आणि लक्षात आलं की पावसात बसून लिहिलेल्या पानांत पाऊस जवळजवळ नाहीच. त्यात मी आहे, भिजलेली आणि खूश झालेली. पाऊस ज्या पानांत खरोखर पडतो आहे, ती पानं मी थंडीत नाहीतर भर उन्हाळ्यात लिहिलेली होती. लिखाण ऋतूच्या एक पाऊल मागून येतं, आणि प्रवासाच्या तर कितीतरी मागून. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला याच गोष्टीत दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उन्हाळ्यातला कोरा कागद, कारण त्याचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे. तो बराचसा शरीराचा प्रश्न आहे. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. रात्रभर उकडत असेल तर ते नीट उतरत नाही, झोप तुटक होते, सकाळी डोकं जड असतं. नवं काही सुचायला जे सैल, ताजं डोकं लागतं ते मिळतच नाही. याला "प्रतिभा आटली" असं नाव देऊन मन खाऊ नका. लिहायची वेळ बदला. मी उन्हाळ्यात नवं लिखाण पहाटे पाच ते सात एवढंच करते. दुपारी जुन्या खर्ड्यांची काटछाट, मुद्रितं तपासणं, मोठ्याने वाचून पाहणं. भर उन्हात माणूस आपल्याच वाक्यांशी कठोर होतो, आणि काटछाटीला तो कठोरपणा हवाच असतो. माझ्या दोन कादंबऱ्यांतले सगळ्यांत अवघड कापाकापीचे महिने उन्हाळ्यातलेच होते. तेव्हा तुमचे ते दोन महिने वाया जात नाहीत, त्यांना वेगळं काम द्या एवढंच.

उलट बाजूचंही सांगून ठेवते. दिवस लहान झाले की काही जणांना आठवडेच्या आठवडे उदास वाटतं, उठवत नाही, कशातच रस राहत नाही. १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ऋतुबद्ध नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि त्यावर प्रकाशाचे उपचारही आहेत. असं काही दरवर्षी ठरावीक काळात होत असेल तर सरळ डॉक्टरांकडे जा. उदासीतून मोठं साहित्य येतं ही समजूत मी फार जवळच्या माणसांचं नुकसान करताना पाहिली आहे.

आता मुख्य गोष्ट. मागून येतं म्हणजे काय, ते माझ्या वहीतून दाखवते. काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी दुपारी मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिला परिच्छेद कथेसाठी म्हणून मन लावून लिहिला होता: "आभाळ भरून आलं होतं. मातीचा सुगंध दरवळत होता. मनात एक अनामिक हुरहूर दाटून आली होती." त्याच्या खाली, वहीच्या कोपऱ्यात, घाईघाईने टिपलेलं असं होतं: "सव्वातीन. पाऊस थांबून दहा मिनिटं. पन्हळीतून अजून थेंब, तीन पटापट आणि एक उशिरा. भिंतीला गुडघ्याएवढी ओल. समोरच्या गॅलरीत चादर वाळत होती, ती पूर्ण भिजली, तरी काढायला कोणी आलं नाही."

त्या दिवशी मला वरचा परिच्छेद आवडला होता. सात-आठ महिन्यांनी, कडक उन्हाळ्यात, वही चाळताना तो वाचवेना. तो कोणीही, कुठेही, कुठल्याही पावसात लिहिला असता. खालच्या चार ओळींपाशी मात्र मी अडकले. चादर काढायला कोणी का आलं नाही? घरात कोणी नव्हतं? की कोणी होतं आणि उठू शकत नव्हतं? की उठायचंच नव्हतं? त्या एका प्रश्नातून बावीस पानांची कथा झाली आणि तिच्यात पाऊस पहिल्यापासून शेवटपर्यंत पडत राहिला, मी घामाने निथळत लिहीत असताना. ऋतू डोळ्यांसमोर असतो तेव्हा तो आपल्याला व्यापून टाकतो आणि आपण फक्त आपल्याबद्दल बोलतो. तो निघून गेला की त्यातलं जे आठवतं ते आपल्याला परत उभं करावं लागतं, आणि उभं करायचं म्हटलं की पन्हळ लागते, ओल लागते, चादर लागते. हुरहूर लागत नाही, ती वाचकाला आपोआप होते.

म्हणून माझी पद्धत अशी: ऋतूत फक्त टिपणं, लिखाण पुढच्या ऋतूत. टिपण चार ओळींचं. वेळ, उजेड कुठून येतो आहे, एक आवाज, आणि कोणा माणसाने केलेली किंवा न केलेली एक गोष्ट. विशेषणं नाहीत, उपमा तर नाहीतच. उपमा त्या क्षणी फार सुंदर वाटते आणि पुढे मूळ गोष्टच झाकून टाकते. "ढग हत्तीसारखे" असं लिहिलं की सहा महिन्यांनी हत्ती आठवतो, ढग आठवत नाही. पावसाळ्यात तुमचा हात भरभर चालतो असं तुम्ही म्हणता. त्या ओघाला अडवू नका, पण त्यात हे चार ओळींचं टिपण रोज घाला. पुढच्या उन्हाळ्याची शिदोरी तीच असेल.

टिपणांचा आणखी एक उपयोग आहे. ऋतूबद्दल आपण जे लिहितो त्यातलं निम्मं वाचनातून आलेलं असतं आणि बऱ्याचदा चुकीचं असतं. मातीचा वासच घ्या. इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. कोरड्या काळात वनस्पतींची तेलं माती-दगडांत शोषली जातात, मातीतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, आणि कोरड्या जमिनीवर पहिले थेंब पडले की हे सगळं हवेत उसळतं. म्हणजे हा वास दीर्घ कोरडेपणानंतरच्या पहिल्या पावसाचा. वीस दिवस संततधार लागलेली असताना पात्राला मातीचा सुगंध आला तर ते खोटं आहे. तेव्हा वास असतो तो न वाळलेल्या कपड्यांचा, बुरशीचा, ओल्या लाकडाचा. आणि तो वास कथेला कितीतरी जास्त देतो, कारण त्यात घर येतं, घरातली माणसं येतात.

थंडीतल्या आवाजाचंही तसंच. थंड, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. अशा वेळी आवाज वर विरून जाण्याऐवजी खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. दिवसा ऐकू न येणारी दूरच्या रुळांवरची गाडी रात्री जणू अंगणामागून जाते. हे मला माहीत नव्हतं, मी फक्त वहीत सलग तीन-चार हिवाळे लिहीत होते की "गाडी आज जवळून गेली." कारण नंतर कळलं. पण माझ्या एका कादंबरीतली म्हातारी रोज रात्री गाडीच्या आवाजावर मुलाची वाट पाहते आणि हिवाळा सरल्यावर तिला वाटतं गाडीच बंद झाली, ते सगळं त्या नोंदींतून आलं. इतकी वर्षं लिहूनही मला त्या प्रकरणाबद्दल वाचकांची पत्रं येतात.

चुकलेही आहे. एका दीर्घकथेत मी पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री क्षितिजावर उगवताना दाखवला होता. प्रसंगाला हवा होता म्हणून. छापून आल्यावर एका वाचकाने कळवलं की पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर असतो. पुढे तो रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा येत जातो. मध्यरात्री उगवणारा चंद्र अर्धा असतो. मला फार वाईट वाटलं, कारण त्या अर्ध्या, उशिरा आलेल्या चंद्राने तो प्रसंग खरं तर जास्त खरा झाला असता. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या लिखाणाआधी मी ऋतूंचा तक्ता करते. एका बाजूला प्रकरणं, समोर महिना, दिवस केव्हा मावळतो, चंद्र कोणत्या अवस्थेत, हवा कशी, माणसांच्या अंगावर काय, दारं-खिडक्या उघड्या की बंद. दारं-खिडक्यांची ओळ कधीच वगळू नका. बंद खिडक्यांच्या ऋतूत शेजाऱ्याचं भांडण ऐकू येत नाही, आणि तुमच्या कथेचा सगळा डोलारा त्या ऐकू येण्यावर उभा असू शकतो.

संध्याकाळ या एका शब्दाकडे बघा. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. पन्नास-साठ अंश अक्षांशावर सूर्य तिरका घसरत मावळतो आणि उन्हाळ्यात उजेड तासन्‌तास रेंगाळतो. एका ठिकाणी "संध्याकाळ झाली" हे वाक्य घाई करायला सांगतं, दुसऱ्या ठिकाणी बसून राहायला. प्रवासात लिहिताना हे चटकन कळतं, आपल्या अंगणात ते कळत नाही. ऋतू आणि प्रवास यांना मी वेगळं का मानत नाही, त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण इतिहासातलं. रस्ते आणि पूल होण्याआधी प्रवास ऋतूच्याच हातात होता. शिडाची जहाजं मोसमी वाऱ्यांवर जायची आणि उलट्या वाऱ्यांची वाट पाहत बंदरात महिने काढायची. बौद्ध भिक्षू पावसाळ्यात एका जागी थांबत, वर्षावास करत. पाऊस सुरू होण्याआधी वाटसरू घरी परतायचे, म्हणून संस्कृत काव्यात वर्षाऋतू हा विरहाचा ऋतू झाला: सगळ्यांची माणसं परत आली, माझं आलं नाही. 'मेघदूता'तल्या यक्षाची तगमग नेमकी आषाढात उसळते ती यामुळे. शापामुळे त्याला घरी जाता येत नाही, म्हणून ढगाला वाट सांगतो, नद्या, डोंगर, नगरी एकेक करून. ऋतू आला, प्रवास अडलेलाच होता, आणि त्या अडण्यातून प्रवासाचं काव्य झालं.

प्राचीन तमिळ संगम काव्यात तर याची व्यवस्थाच लावलेली आहे आणि ती मला कथालेखकासाठी फार उपयोगाची वाटते. तिथे प्रेमाच्या अवस्थांना भूप्रदेश, ऋतू आणि दिवसाचा प्रहर जोडलेला आहे. डोंगराळ कुरिंजी म्हणजे मीलन, गारव्याचे दिवस, मध्यरात्र. रानातली मुल्लै म्हणजे धीर धरून वाट पाहणं, पावसाळा, संध्याकाळ. होरपळलेला पालै प्रदेश म्हणजे दूर निघून जाणं, उन्हाळा, भर दुपार. कवीने फूल किंवा पक्षी सांगितला की ऐकणाऱ्याला मन कळायचं. जपानी हायकूतही ऋतुसूचक शब्द असतो आणि अशा शब्दांचे कोशच आहेत. मी हे नियम म्हणून पाळत नाही. पण एखादा प्रसंग बसत नसेल तर स्वतःला विचारते: याचा प्रहर चुकलाय का? ऋतू चुकलाय का? निरोपाचा एक प्रसंग मी पाच वेळा लिहिला होता, दर वेळी तिन्हीसांजेचा. सहाव्यांदा तो दुपारी दोनला नेला, सावली पायाखाली गोळा झालेली, दोघांनाही आडोसा नाही. बसला.

शब्दांबद्दल थोडं बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या भाषेत पावसाचे शब्द केवढे आहेत: भुरभुर, रिपरिप, पिरपिर, सर, झड, वळीव, शिरवं, उघडीप, संततधार. हे समानार्थी नाहीत. सरीत माणूस आडोशाला उभा राहतो, झडीत घरात अडकून पडतो. वळीव दाणदाण येतो आणि निघून जातो. पिरपिरीत वैताग आहे, भुरभुरीत नाही. 'उघडीप' या शब्दात तर अख्खा प्रसंग आहे, कारण माणसं उघडीप मिळाली की काहीतरी उरकतात. हे शब्द नीट वापरले तर वाक्याची चालही बदलते. झडीचं वाक्य लांबतं, वळिवाचं तुटतं. "जोरदार पाऊस पडत होता" एवढ्यावर भागवणाऱ्या लेखकाने अजून पाऊस ऐकलेला नाही असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या डायरीकडे येते, कारण प्रश्नाचा तो भाग मला सगळ्यांत जवळचा आहे.

जपानी हायकूकार मात्सुओ बाशो १६८९ मध्ये वसंत सरताना एदोहून (आजच्या टोकियोहून) निघाले आणि सुमारे पाच महिने उत्तर जपानात, बहुतेक पायी, हिंडले. बरोबर शिष्य सोरा होता. त्या प्रवासावरचं 'ओकु नो होसोमिची' हे छोटंसं पुस्तक मात्र बाशोंनी पुढे कित्येक वर्षं घडवलं. १६९४ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, ते पूर्ण झालं आणि १७०२ मध्ये छापलं गेलं. सोरानेही डायरी ठेवली होती. ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा दोन्ही मजकूर शेजारी ठेवून बघता आले. सोराकडे तारखा, मुक्काम, अंतरं, हवा. बाशोंच्या पुस्तकात काही ठिकाणी क्रम बदललेला, काही गोष्टी वेगळ्याच. आणि पुस्तक सुरुवातीला सरत्या वसंताला निरोप देतं, शेवटी सरत्या शरदाला. प्रवास ऋतूंच्या चौकटीत बसवलेला आहे.

एकच प्रवास, दोन वह्या. तुमची अडचण अशी असावी की तुम्ही रोज रात्री एकाच वहीत सोराचंही लिहिता आणि बाशोंचंही लिहायचा प्रयत्न करता. दमलेल्या अंगाने, अनोळखी खोलीत, त्याच दिवशी त्या दिवसाचा अर्थ लावता. तो अर्थ कच्चा असतो, आणि एकदा कागदावर उतरला की पक्का वाटायला लागतो. पुढे कथा लिहायला बसलं की तोच आड येतो. प्रवासात फक्त सोरा व्हा. तारीख, वेळ, वाहन, कोणाशेजारी बसलात, त्याच्या हातात काय होतं, तो कुठे उतरला. पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा. कानावर पडलेलं वाक्य बोलीत होतं तसंच, शुद्ध न करता. बाशो व्हायला पुढे वर्षं आहेत.

एक बारीकशी सूचना. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हा सगळ्यांचा अनुभव आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राउन विद्यापीठातल्या एका अभ्यासात दिसलं की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो, जणू पहाऱ्यावर असतो. त्यामुळे पहिल्या दिवसाच्या नोंदी जपून ठेवा, त्या फार तल्लख असतात, पण त्या दिवशी त्या गावाबद्दल मत बनवू नका. ते मत बरंचसं न झालेल्या झोपेचं असतं.

आणि चाला. वाहनातून दिसतं ते देखावा म्हणून दिसतं, चालताना ते तुमच्या वेगाने येतं. स्टॅनफर्डमधल्या मरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना जास्त सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानासुद्धा. एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामात मात्र चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. माझा अनुभव अगदी हाच. कथेचं बीज चालताना मिळतं, वाक्य बसूनच दुरुस्त होतं.

भरपूर फिरायला हवं का? नाही. परत परत जायला हवं. समुद्रकाठच्या एका छोट्या गावी मी तीनदा गेले. पहिल्यांदा थंडीत गेले तेव्हा होड्या पाण्यात होत्या, माणसं किनाऱ्यावर दिसतच नव्हती, आणि मी वहीत लिहिलं, "शांत गाव." दुसऱ्यांदा भर पावसात. होड्या वाळूवर ओढून पालथ्या घातलेल्या, आणि सगळे पुरुष घरात. तेव्हा कळलं की या गावातली भांडणं पावसाळ्यात होतात, कारण वर्षातले तेवढेच महिने सगळे एका छताखाली असतात. तिसऱ्यांदा पाऊस संपताना गेले. एक माणूस पालथ्या होडीच्या तळाच्या फटींत दोर ठोकून भरत होता आणि त्याची मुलगी वितळवलेल्या डांबराचा डबा धरून उभी होती, तोंडावर ओढणी घेऊन. वडील प्रत्येक फटीपाशी थांबून बोटाने दाबून बघत. मुलगी पाण्याकडे बघत होती. मी तिथे दोन तास उभी होते. त्या दोघांवर माझी कादंबरी आहे, आणि पहिल्या भेटीच्या जोरावर लिहायला बसले असते तर त्या "शांत गावा"चं खोटंच चित्र रंगवलं असतं.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे, आणि शिकायला येणाऱ्या मुलांनाही तो आग्रहाने सांगते: ज्या जागेचा एकच ऋतू पाहिला आहे तिथला माणूस आतून लिहायचा नाही. तिथे गेलेला पाहुणा लिहा, हवं तर. चार दिवसांच्या मुक्कामावर दुसऱ्यांचं आयुष्य रंगवून सांगणं हा अन्याय आहे, आणि आपल्या भाषेतल्या बऱ्याच प्रवासवर्णनांनी तो केला आहे. दहा गावं एकेकदा पाहण्यापेक्षा एक गाव वर्षभरात तीनदा पाहिलेलं बरं, आणि खर्चही बहुधा कमीच येतो.

ज्यांना नोकरी, आजारपण, लहान मूल यांमुळे घर सोडताच येत नाही, त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. झेवियर द मेस्त्र या लष्करी अधिकाऱ्याने १७९० मध्ये तुरिनला बेचाळीस दिवसांच्या स्थानबद्धतेत आपल्याच खोलीतल्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं, खुर्चीपासून पलंगापर्यंत, भिंतीवरच्या चित्रांवरून. अमेरिकी लेखक थोरो १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं दोन महिने वॉल्डनच्या तळ्याकाठी राहिला, पण पुस्तकात त्याने ते सगळं एका वर्षात बसवलं. दोन वर्षांच्या फुटकळ नोंदींना एक ऋतुचक्र मिळालं आणि त्याचं पुस्तक झालं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' तर आपल्याकडे घरोघरी आहे, बारा महिन्यांचे बारा लेख. ते वाचताना वाटतं, ही बाई एका जागी उभी आहे आणि पृथ्वी तिच्याभोवतीने जाते आहे. एकाच खिडकीतून बारा महिने पाहणं हाही लांबचा प्रवास आहे, फक्त त्यात तुम्ही थांबता आणि जागा बदलत राहते.

तुमच्या चार वर्षांच्या डायऱ्या फेकू नका. त्या वायाही गेलेल्या नाहीत, तुम्ही त्या लवकर उघडत होतात. त्यातली सगळ्यांत जुनी काढा, आणि ज्या ऋतूत तो प्रवास केला होता त्याच्या उलट ऋतूत काढा. थंडीतला प्रवास असेल तर उन्हाळ्यात. एकदाच वाचा, हातात पेन न घेता. मग ती कपाटात ठेवून द्या आणि दोन दिवस तिला हात लावू नका. तिसऱ्या दिवशी पहाटे, आठवतं आहे तेवढंच लिहा. तुम्ही ज्याला महत्त्वाचं म्हणून तीन पानं दिली होती ते बहुधा आठवणार नाही. एखादा हात आठवेल, कोणाच्या तरी पिशवीचा तुटलेला बंद, स्टेशनवर कोणीतरी दोनदा विचारलेला एकच प्रश्न. त्याच्यामागे जा. डायरीत त्याची ओळ शोधायला मध्येच उठू नका, ती कदाचित तिथे नसेलच.